दहा छेद बारा

विमा कंपनीचं पत्र दीड पानाचं होतं, त्यातल्या कामाच्या ओळी दोनच. आईला ‘१०-१२ वर्षांपासून’ उच्च रक्तदाब आहे, जून २०२१ मध्ये पॉलिसी घेताना तो कळवला नाही, सबब दावा नामंजूर. ३ लाख ८४ हजारांचं बिल आम्ही आधीच भरून बसलो होतो. कॅशलेसला त्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला होता, ‘कागद बघून नंतर ठरवू’ म्हणून. बघून ठरवलं ते हे.

आई पडली नोव्हेंबर २०२४ मध्ये. मोरीत पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला. रक्तदाबाचा आणि मोरीतल्या साबणाचा काय संबंध, हे मी फोनवर तीन वेगवेगळ्या मुलींना विचारलं. तिघींचं उत्तर एकच, ‘सर, डिस्चार्ज समरीत तसं मेन्शन आहे.’ डिस्चार्ज कार्ड काढून पाहिलं तर खरंच होतं. छापील, ठळक. हायपरटेन्शन, १०-१२ इयर्स.

आता आईला बी.पी.ची गोळी सुरू झाली ती त्याच वर्षीच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तिळाचे लाडू खाऊन चक्कर आली असं तिचं म्हणणं होतं, म्हणून मीच तिला आमच्या लालबागच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. म्हणजे दहा महिने. त्याची दहा-बारा वर्षं कोणी केली?

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. त्यांनी कार्ड चष्म्याजवळ धरलं आणि म्हणाले, “हा सारांश आहे रे. सारांश कोणीतरी घाईत टाइप करतो. तू मूळ इनडोअर पेपर काढ, दाखल असतानाचे. पहिल्या रात्री कॅज्युअल्टीत हाताने काय लिहिलंय ते बघ.”

ते देतील का, असं मी विचारलं तर काका तापलेच. देतील का म्हणजे? १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केस पेपरच्या प्रती मागितल्या तर त्या द्याव्या लागतात. झेरॉक्सचे पैसे घ्या, पण गुप्ततेचं कारण सांगून अडवू नका. त्यानंतर २००२ मध्ये मेडिकल कौन्सिलचे आचारसंहितेचे नियम आले. त्यात १.३.१ म्हणतो, दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपा. १.३.२ म्हणतो, मागितल्यापासून ७२ तासांत द्या. न देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन, तेही त्याच नियमांत ७.२ ला लिहिलंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, ते तीन आठवड्यांत स्थगित झाले, त्यामुळे जुनेच लागू. हे सगळं काकांनी पाठ म्हटलं. मी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. मध्य मुंबईतलं, बऱ्यापैकी मोठं. तिथे केस पेपर सांभाळणाऱ्या खात्याला एमआरडी, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड्स डिपार्टमेंट म्हणतात, आणि ती सापडते तळघरात, जनरेटरच्या खोलीशेजारी. फिनेल आणि कॅन्टीनचं सांबार यांचा मिळून एक वास तिथे कायम असतो. खिडकीत बसलेल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, “केस पेपर पेशंटला देत नाही. फक्त कोर्टाला.” मी पाकीट वाचून नियम सांगितला. त्याने मान वर केली. “मग अर्ज करा.” अर्ज माझ्याकडे तयारच होता. “डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स लावा.” तीही होती. “बिल क्लिअर आहे का?” पावती दाखवली. “सरांची परवानगी लागेल, सर सोमवारनंतर येतील.”

मी लालबागच्या एका पतपेढीत गेली सतरा वर्षं काम करतो. अर्ज कसा अडवायचा हे मला कोणी शिकवू नये. मी फक्त पोच मागितली. “पोच-बिच नसते इथे.” मग पहिल्या मजल्यावर प्रशासन कार्यालयात गेलो. तिथे आवक-जावकचं टेबल होतं. त्या टेबलावरच्या मुलाने अर्ज न वाचताच शिक्का मारला, तारीख घातली आणि वेळ विचारल्यावर वेळही लिहिली. ११.४०. तिथून माझे ७२ तास सुरू.

चौथ्या दिवशी गेलो तर खिडकीवाला तोच आणि सरही अजून बाहेरगावीच. सातव्या दिवशी मी दुसरं पत्र दिलं. त्यात दोन्ही नियमांचे आकडे घातले आणि शेवटी एक ओळ, की उद्यापर्यंत प्रती न मिळाल्यास चिंचपोकळीला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार देईन. ही ओळ काकांची. तिने काम झालं की रजेवरून परतलेल्या एमआरडीच्या मुख्य बाईंमुळे झालं, हे मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, येऊन भेटा.

बाई पन्नाशीच्या, टेबलावर स्टीलचा डबा आणि शाईचं पॅड. माझे दोन्ही अर्ज त्यांनी समोर जोडून ठेवले होते. उशीर झाला, तो व्हायला नको होता, हे त्यांनी आधीच कबूल केलं. मग म्हणाल्या, “पण दादा, यावर सही तुमची आहे. आजींची कुठंय?”

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, कोर्ट सांगतं नातेवाईक चालतो. त्या म्हणाल्या, “नातेवाईक चालतो, पण आजी शुद्धीवर आहेत ना? चालत्याबोलत्या आहेत? मग त्यांना विचारायला नको? नियमात रुग्ण किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती असं आहे. एका ओळीचं अधिकारपत्र आणा, ओळखपत्राची झेरॉक्स लावा, आज संध्याकाळपर्यंत फाइल देते.”

“ऑपरेशनच्या वेळी माझी सही चालली,” मी म्हणालो.

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

ट्रेनमध्ये बसल्यावर राग उतरला, कारण आमच्या पतपेढीत दर महिन्याला एकदा तरी कोणीतरी मुलगा आईच्या खात्याचा उतारा मागायला येतो. आणि मीच त्याला सांगतो, आईंना घेऊन या, नाहीतर सही आणा. काही जण शिव्या देऊन जातात.

आईने अधिकारपत्र हातात घेतलं, वाचलं आणि खाली ठेवलं. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली. मग विचारलं, “सगळं देतात का रे? पानन् पान?” मी म्हटलं, हो, सगळंच मागितलंय. “तेवढं बी.पी.चंच मागायचं ना.” मला वाटलं, ती झेरॉक्सच्या पैशांचा विचार करतेय. मी समजूत घातली की कंपनीने संपूर्ण सेट मागितलाय. तिने सही केली. आई सही हळू करते, एकेक अक्षर सुटं, शेवटी आडवी रेघ. त्या दिवशी रेघ मारायला विसरली.

फाइल ११६ पानांची निघाली. पानाला ५ रुपयेप्रमाणे ५८० झाले, पावतीसकट. प्रत्येक पानावर ‘ट्रू कॉपी’चा शिक्का, त्यावर बाईंची आद्याक्षरं. असलं काही मी पहिल्यांदाच बघत होतो. चार तासांनी घेतलेला ताप आणि नाडी, कुठली गोळी कोणत्या सिस्टरने किती वाजता दिली, रात्री अडीचला आजींनी पाणी मागितलं. ऑपरेशनच्या नोंदीच्या पानावर बसवलेल्या सळईचं आणि स्क्रूचं स्टिकर जसंच्या तसं चिकटवलेलं, लॉट नंबरसकट. आईच्या हाडात काय आहे याचा तो एवढाच पुरावा, आणि तो आम्हाला डिस्चार्जच्या वेळी कोणी दाखवलाही नव्हता.

संमतीपत्रंही होती, तीन. तिन्हींवर माझी सही. दोन पत्रांत ऑपरेशनचं नाव लिहायची जागा मी सही केली तेव्हा कोरी होती, हे मला आठवतंय. आता ती वेगळ्या शाईत भरलेली दिसत होती. आई तेव्हा पूर्ण शुद्धीवर होती, सिस्टरशी मालिकेतल्या सुनेबद्दल बोलत होती. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घ्यायची, नातेवाइकाची सही त्याला पर्याय नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगून ठेवलंय. ते मला काकांनी नंतर सांगितलं. म्हणजे खुबा कापताना माझी सही पुरली, आणि त्याचे कागद मागताना आईची लागली. बाई का गप्प बसल्या ते मला त्या पानावर कळलं.

कॅज्युअल्टीची नोंद पान ४ वर. अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून सोडलेली. मला फक्त ‘एचटीएन’, म्हणजे हायपरटेन्शन, लागलं आणि त्यापुढे १०/१२. मी बाईंना दाखवलं, “हे बघा, इथेही दहा-बाराच लिहिलंय.”

त्या हसल्या. “दहा-बारा नाही, दहा छेद बारा. डॉक्टर लोक असं लिहितात. खाली ७ असला की दिवस, ५२ असला की आठवडे, १२ असला की महिने. ३/७ म्हणजे तीन दिवस. २/५२ म्हणजे दोन आठवडे. हे १०/१२ म्हणजे दहा महिने.” मग बोट खाली सरकवलं. त्याच पानावर पडण्याची वेळ लिहिली होती, आणि आधीच्या गुडघेदुखीसमोर ३/५२. तीन आठवडे. तेही बरोबर होतं, दिवाळीच्या साफसफाईपासून दुखत होता.

टाइप करणाऱ्याने तिरकी रेघ आडवी केली आणि मागे ‘इयर्स’ जोडलं. बास. ३ लाख ८४ हजार त्या रेघेत अडकले होते.

यानंतर जे झालं त्यात माझा वाटा फारसा शोभेचा नाही. मी तडक वरच्या विमा डेस्कवर गेलो. तिथल्या मुलाने चूक दोन मिनिटांत मान्य केली. आणि म्हणाला, “टेन्शन नका घेऊ सर. सिस्टिममध्ये एडिट करून त्याच तारखेचं नवीन कार्ड काढून देतो. जुनं फाडून टाका.” मी म्हटलं, काढा. खरं तेच तर लिहिणार होता. चूक त्यांची, दुरुस्ती त्यांची, मला फक्त कागद हवा होता. प्रिंटर चालू झालासुद्धा, पण शिक्का एमआरडीतच होता.

बाईंनी तो कागद हातात घेतला आणि शिक्का मारायला साफ नकार दिला. “कंपनीकडे जुनी प्रत आहे. आता एकाच तारखेची, एकाच सहीची दोन कार्डं होतील, मजकूर वेगळा. उद्या कुणी विचारलं यातलं खरं कुठलं, तर खरं असलेलंही खोटं ठरेल. आणि आज तुमच्यासाठी बदललं तर उद्या दुसऱ्या कुणासाठी, चुकीचं झाकायला, का नाही बदलायचं?” मग त्यांनी रीत सांगितली. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर मजकूर, ज्याने दुरुस्त केलं त्याची सही, आजची तारीख, वेळ. व्हाइटनर नाही, पान बदलणं नाही. कॉम्प्युटरमध्ये केलं तरी जुनी नोंद राहू द्यायची आणि नव्या कार्डावर ‘सुधारित’ आणि सुधारणेची तारीख छापायची. शिवाय सरांकडून लेटरहेडवर खुलासा, पान ४ चा हवाला देऊन.

सर खरंच होते, बाहेरगावाहून परत आले होते. तीन दिवसांनी पत्र मिळालं. बाईंच्या त्या ‘सुधारित’ कार्डावर माझा तेव्हा विश्वास नव्हता; कंपनी म्हणेल नंतर मॅनेज केलं. म्हणून मी लालबागच्या डॉक्टरांकडूनही कागद मागितला. त्यांच्याकडे अजून पिवळी कार्डं आहेत, चपलांच्या खोक्यात आडनावाप्रमाणे लावलेली. त्यांनी आईचं कार्ड काढलं, १६ जानेवारी २०२४ची नोंद दाखवली आणि झेरॉक्स देण्याआधी आईला फोन लावला. “वहिनी, मुलगा कार्ड मागतोय, देऊ का?” खोक्यातली गुप्तता.

आता एक दुसरी गोष्ट. आईला घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर फोन आला होता. गोड आवाज, “आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालंय ना, उजवा? घरी फिजिओ आणि आया हवी असेल तर आमचं पॅकेज आहे.” मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? “सर, हॉस्पिटलकडून डेटा येतो.” दोन दिवसांत असे चार फोन. एकाने तर सळई कोणत्या कंपनीची बसवली तेही विचारलं. मुलाला पेपर द्यायला या हॉस्पिटलला आठ दिवस लागले, ‘फक्त कोर्टाला’ असं पहिल्या खिडकीत सांगितलं गेलं, आणि उजवा खुबा चार दिवसांत चार एजन्सींकडे पोचला होता.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी नाकारलं नाही, मान्यही केलं नाही. एवढंच म्हणाल्या, “माझ्या खोलीतून गेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. बाकी वॉर्डात फाइल कॉटला लटकलेली असते, बिलिंगमध्ये असते, टीपीएच्या, विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या एजन्सीच्या, माणसाकडे असते.” डॉक्टरला त्याच आचारसंहितेतला ७.१४ चा नियम बांधतो, रुग्णाचं गुपित फोडायचं नाही म्हणून. पण बिलिंगच्या काउंटरवरचा कंत्राटी मुलगा डॉक्टर नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला आणखी दीड वर्षाची मुदत दिलेली आहे. मी हॉस्पिटलला लेखी विचारलं, माझा नंबर कोणी दिला. त्या पत्राची पोच माझ्याकडे आहे. उत्तर नाही.

कंपनीला सगळा सेट पाठवायच्या आदल्या रात्री मी ११६ पानं एकदा नीट वाचायला बसलो. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं तपासणीचं पान ३१ वर होतं. सवयींच्या रकान्यात लिहिलं होतं: मिश्री, दिवसातून दोनदा, ४० वर्षं.

मी ते तीन वेळा वाचलं. माझ्या आईने आयुष्यभर आमच्या वडिलांना तंबाखूवरून बोल लावले. वडील गेले तेव्हाही बोलली. आणि तिच्या देव्हाऱ्याखालच्या खणात एक पितळी डबी असते, ती हळदीची आहे असं मी आजपर्यंत समजत होतो.

त्याहून वाईट म्हणजे २०२१ चा प्रस्ताव अर्ज मी भरला होता. एजंट समोर बसून प्रश्न वाचत होता, मी हो-नाही सांगत होतो. तंबाखूजन्य पदार्थ? मी हसून नाही म्हटलं. आई आत भाकऱ्या थापत होती. तिला हाक मारून विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

पान ३१ काढून ठेवता आलं असतं. कंपनीचा आक्षेप रक्तदाबाचा होता, मिश्रीचं नाव कुठे नव्हतं. मी काढूनही ठेवलं, गादीखाली. मग प्रत्येक पानावरचे शिक्के दिसले, १ ते ११६, बाईंच्या आद्याक्षरांसकट.

सकाळी मी ते पान आईसमोर ठेवलं. तिने चष्मा लावला नाही. तिला वाचायची गरज नव्हती. “त्या भूलवाल्या पोरीने विचारलं, खरं सांगा आजी, नाहीतर ऑपरेशनात त्रास होईल. मग सांगितलं. म्हटलं कुणाला सांगू नको. ती म्हणाली, नाही सांगत.” आणि थोड्या वेळाने, “तिने नाहीच सांगितलं ना. तूच वाचलंस.”

मी विचारलं, पाठवू का?

“पैशाचं आहे तर पाठव. पण ताईला सांगू नकोस.”

पाठवलं. कंपनीच्या तक्रार कक्षाला पान ४, सुधारित कार्ड, सरांचा खुलासा, पिवळ्या कार्डाची झेरॉक्स आणि सगळी ११६ पानं. महिन्याभरात निकाल लागला नाही तर सांताक्रूझला विमा लोकपालाकडे जायची तयारी होती. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. जावं लागलं नाही. एकविसाव्या दिवशी दावा मंजूर झाला, हातमोजे, कापूस असल्या वस्तूंचे १९ हजार कापून. पान ३१ बद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. जूनमध्ये नूतनीकरणाच्या वेळी मिश्रीचं मीच कळवून टाकलं, आईला विचारून.

ताई डोंबिवलीला असते. पैसे आल्याचं कळल्यावर तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं, आईच्या फाइलची पीडीएफ टाक, माझ्याकडेही असू दे. मी तिला लिहिलं, आईची सही आण. तिला वाटलं मी गंमत करतोय. तिने हसण्याच्या चार बाहुल्या पाठवल्या आणि परत लिहिलं, टाक ना लवकर.